कृष्णातचा शब्द

कृष्णात गलईवाला मूळचा विट्याच्या पूर्वेकडचा. तिकडे पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे घरटी एक तरी माणूस गलईच्या धंद्यात परमुलखात असतो. सोनाराकडचं जुनं, भेसळीचं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकायचं आणि चोख करून परत द्यायचं, असा हा धंदा. कृष्णातला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा त्याचा थोरला भाऊ भाऊसो त्याला कोइमतूरला घेऊन गेला. भट्टीपुढे कसं बसायचं, धूर कुठल्या अंगाला जातो ते बघून तोंड कसं फिरवायचं, तिथल्या सोनारांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द गोड कसे बोलायचे, हे सगळं त्याला भाऊसोनं शिकवलं. वडील लवकर गेले होते. बाप आठवायचा म्हटलं की कृष्णातला भाऊसोचाच चेहरा दिसायचा.

या धंद्यात पावती नसते. सोनार सकाळी पुडी हातात देतो आणि संध्याकाळी चोख सोनं घेऊन जातो. मधल्या वेळात गलईवाला ती पुडी घेऊन आगगाडीत बसला तर त्याला कोण काय करणार? पण तसं होत नाही. कृष्णातच्या हातून इतक्या वर्षांत कुणाचं गुंजभर सोनं इकडचं तिकडे झालं नाही. भाऊसोला त्याचा फार अभिमान. गावी आला की पारावर बसून सांगायचा, "आमच्या कृष्णातच्या शब्दावर कोइमतूरचा सोनार बायकोचं मंगळसूत्र काढून देतो."

पुढे तेजाबाच्या धुरानं भाऊसोची छाती धरली. चार पावलं चाललं की दम लागायला लागला. मग तो गावी येऊन शेताघराचं बघू लागला आणि दुकान कृष्णातकडे आलं. दोघांत वाटणी अशी कधी झालीच नाही. दुकानाचं आलेलं घरी जायचं, भाऊसो त्यातून विहीर पाडायचा, घर बांधायचा. कृष्णातची बायको आजारपणात गेली, तेव्हा त्याच्या मुलीला भाऊसोच्या बायकोनं, मंगलनंच वाढवलं आणि शिरवळच्या कारखान्यातला मुलगा बघून तिचं लग्नही लावून दिलं. हिशोब कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही.

मोठ्या साथीत दुकान बंद पडलं ते पडलंच. कृष्णात कायमचा गावी आला. त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक तराजू आणि गोधडीत गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर होता.

"ह्यात काय हाय रं?" भाऊसोनं विचारलं.

"दुकानाची शिल्लक हाय, दादा."

"डब्यात?"

कृष्णातनं सांगितलं ते भाऊसोला दोनदा ऐकावं लागलं. दुकानाशेजारी सेल्वम नावाचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस होता. दोन हजार सतरा साली त्याच्या नादानं कृष्णातनं बिटकॉइन घेतले होते. ना नोट, ना नाणं. नुसती एक फाइल, आणि त्या फाइलीला पासवर्डचं कुलूप. सेल्वमनं सगळं जुळवून दिलं आणि पासवर्डची वेळ आली तेव्हा तोंड फिरवून उभा राहिला. म्हणाला, अण्णा, तुम्हीच टाका, मलासुद्धा सांगू नका.

"दिसत न्हाई, हातात येत न्हाई, वाजवून बघता येत न्हाई," भाऊसो म्हणाला, "भुताचं सोनं म्हण की गड्या!" आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

मध्ये काही वर्षं गेली. भाऊसोच्या उशाशी प्राणवायूचं यंत्र आलं. त्या चलनाचे भाव फार चढल्याची बातमी एके दिवशी टीव्हीवर लागली, तेव्हा भाऊसोनंच आठवण काढली. "तुझ्या त्या डब्याचं बग की रं."

कृष्णातनं गोधडी सोडली. कॉम्प्युटर घरघर करत चालू झाला, फाइल निघाली, पासवर्डची चौकट आली. आणि कृष्णात तिच्यासमोर नुसता बसून राहिला. तो शब्द त्यानं आयुष्यात एकदाच टाकला होता. आईचं नाव टाकून बघितलं, खरसुंडीच्या नाथाचं टाकलं, मुलीचं, दुकानाचं, गल्लीचं टाकलं. चौकट दर वेळी रिकामी होऊन पुन्हा समोर यायची.

"दादा, मी इसरलो."

"आठवंल. घाई करू नगस."

पण आठवलं नाही, आणि गावात गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. पारावर लालासाहेब म्हणून एक निवृत्त हवालदार बसायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. त्यानं कृष्णातला येताना बघून मोठ्यानं म्हणावं, "आरं, तिजोरी हाय, तिजोरीत माल हाय, किल्ली तेवढी हारवली! लय भारी. आमालाबी शिकवा ही इद्या!" बाकीचे हसायचे. सगळं एकट्यानं गिळून हा विसरल्याचं सोंग घेतो, असाच त्याचा अर्थ होता. कृष्णात खाली मान घालून पुढे जायचा. चोरी केली असती तर त्याला काहीतरी उत्तर सुचलं असतं. विसरलो, या शब्दाला पुरावा कुठून आणायचा?

कराडला दिग्विजय नावाचा एक तरुण अशी कुलपं उघडून देतो असं कुणीतरी सांगितलं. भाऊसोनं प्राणवायूची छोटी नळकांडी बरोबर घेतली, भाड्याची ओमनी ठरवली आणि दोघं भाऊ कराडला गेले. दिग्विजय मुलगा चांगला होता. त्यानं भाऊसोला पंख्याखाली बसवलं आणि कॉम्प्युटर ठेवून घेऊन फाइलीची नक्कल केली.

"काका, हे कुलूप फोडता येत नाही," तो कृष्णातला म्हणाला. "फक्त अंदाज लावता येतो. तुम्ही मला शब्द द्या, मी कॉम्प्युटरला त्यांची लाखो रूपं करून लावायला सांगतो. पण शब्द तुमच्याच डोक्यातून यायला पाहिजेत. अगदी कुणाला सांगता येत नाहीत तेसुद्धा."

"बाईचं नाव आसंल तर सांग रं," भाऊसो नळी बाजूला करून म्हणाला. "मी काय वैनीला सांगाय न्हाई. माझीच बायकू हाय ती."

दिग्विजय हसला. कृष्णातही हसला. आठवतील तेवढे शब्द त्यानं दिले. दोन आठवडे ते यंत्र चालू होतं. दिग्विजयचा फोन आला तो नकाराचा. पण फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ही फाइल दिवाळी पाडव्याला केलेली आहे, काका. पासवर्ड माणूस विचार करून टाकत नाही. त्या दिवशी मनात जे चाललेलं असतं तेच बोटातून उतरतं. तो पाडवा आठवून बघा."

कृष्णात रानाच्या वाटेनं फोनवर बोलत परत येत होता. पाडवा म्हटल्यावर त्याला प्रथम काहीच आठवलं नाही. घराच्या फाटकापाशी आला आणि कडी काढता काढता त्याची नजर खांबावरच्या संगमरवरी पाटीवर गेली. वर भाऊसोचं नाव, खाली 'दीपावली पाडवा, २०१७'.

कडीवरचा हात तसाच राहिला.

त्या पाडव्याला या घराची वास्तुशांत होती. कृष्णातला यायला जमलं नव्हतं, दुकानात सणाची गर्दी होती. सकाळी त्यानं फोन केला. रस्त्याकडची खोली माझ्यासाठी ठेवा दादा, म्हातारपणी तिथं बसून येणारं-जाणारं बघीन, एवढंच म्हणाला. भाऊसो पाहुण्यारावळ्यांत होता, भटजी खोळंबला होता, आणि दमानं जीव बेजार झालेला. तो ओरडला, "उनातानात हुबा ऱ्हाऊन घर मी बांधलं. तू तितं पंख्याखाली बसतूस. तुझा हितं वाटा न्हाई!" आणि फोन ठेवून दिला. मागून पाहुणे हसल्याचंही कृष्णातला ऐकू आलं होतं.

दुपारी सेल्वम पासवर्ड टाका म्हणाला. कृष्णातच्या डोक्यात तेव्हा एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्यानं टाकलं. फक्त नाव बदललं. भाऊसोचा वाटा न्हाई.

चार दिवसांनी भाऊबीजेचा फराळ पार्सलनं आला. रस्त्याकडची खोली त्याचीच राहिली, आजही तो त्याच खोलीत झोपत होता. राग कधी गेला ते त्यालाही कळलं नाही, आणि रागाबरोबर शब्दही गेला.

आता आठवला, तर तो आत जाऊन सांगायचा कसा? कृष्णात फाटक उघडून आत गेला आणि भाऊसोनं विचारल्यावर "न्हाई जमलं म्हणाला त्यो," एवढंच बोलला. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. कधीतरी वाटायचं, गप्प बसावं. पैसे गेले तर गेले. गावानं चोर म्हटलं तर म्हणू दे. दादा आपल्याला चोर म्हणत नाही ना, मग झालं.

एका संध्याकाळी भाऊसोला पारापर्यंत चालायची हुक्की आली. कृष्णातच्या खांद्यावर हात ठेवून तो तिथवर पोचला आणि कट्ट्यावर टेकला. लालासाहेब बसलेलाच होता.

"या भाऊसो. काय म्हणतंय भुताचं सोनं? भूत काय कबूल हुईना व्हय?"

भाऊसोला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी तो बोलला. "लालासाब, माझा भाऊ हाय त्यो. लोकांचं किलोकिलोनं सोनं हाताळलं त्यानं. कण न्हाई ठेवला. त्यो इसरलो म्हणला, मंजी इसरला." आणि मग बराच वेळ तो नुसता धापा टाकत राहिला. लालासाहेबही वरमून त्याची पाठ चोळू लागला.

घरी परतताना विहिरीपाशी भाऊसो थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं कृष्णातचं मनगट धरलं.

"लोकास्नी काय सांगायचं ते मी सांगतो. मला एकट्याला खरं सांग. मी आता किती दिसांचा? मला त्यातलं काय नको. पर तू काढून घेतलं आसशील तर सांग. मी कुणाला बोलायचा न्हाई. चोर म्हणायचा न्हाई. नुसतं खरं सांग, मंजी मी निवांत जाईन."

कृष्णातला वाटलं, विहिरीत उडी टाकावी. म्हणजे पारावर बोलला ते सगळं तोंडदेखलं होतं. कोइमतूरच्या सोनारांनी ठेवला तेवढाही विश्वास सख्ख्या भावाच्या मनात उरलेला नाही, आणि तरी चार माणसांत तो आपल्यासाठी छाती फुटेपर्यंत बोलतो.

"काढलं न्हाई, दादा. हाय तितंच हाय. आन्... मला आठीवलं वाटतंय."

भाऊसोचा हात मनगटावर घट्ट झाला. "काय?"

"कराडला गेल्यावर बगू."

त्यानं मनाशी एक वाट काढली होती. कॉम्प्युटर दिग्विजयकडेच होता, तेव्हा एकट्यानं कराडला जायचं, दिग्विजयसमोर गुपचूप शब्द टाकायचा, कुलूप उघडायचं आणि लगेच नवीन पासवर्ड घालायचा. नवीन शब्द आईच्या नावाचा. मग दादाला सांगायला काही अडचण नाही. सकाळी त्यानं दिग्विजयला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी एकटाच यीन."

मंगलवहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं. "एकटं कशापायी, भावजी?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण पलंगावरून भाऊसोनं मान वळवून बघितलं. त्या नजरेनंतर एकट्यानं जाणं म्हणजे कबुलीच देणं होतं.

दोघंही गेले. वाटेत भाऊसो फार खुशीत होता. कोइमतूरला पहिल्यांदा गेले तेव्हा कृष्णात भाकरीसाठी कसा रडला होता, ते तो ओमनीच्या ड्रायव्हरला सांगत होता. "केळीच्या पानावर भात वाढला तर ह्यो म्हणतोय, दादा, मी काय म्हस हाय का, पाला खायाला!" कृष्णात खिडकीबाहेर बघत होता.

दिग्विजयनं चौकट समोर आणून दिली. कृष्णातनं एकेक बोटानं अक्षरं टाकली. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. भाऊसो शेजारच्या खुर्चीवर नळी लावून बसला होता, त्याला काही कळणार नव्हतं. कृष्णातनं शेवटची कळ दाबली. चौकट रिकामी झाली.

त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. घामानं बोटं घसरायला लागली.

"शब्द तोच आहे ना, काका? नक्की?" दिग्विजयनं विचारलं.

"त्योच हाय."

"मग स्पेलिंग चुकतंय. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले की प्रत्येकाचं निराळं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी उघडत नाही. तुम्ही मला शब्द सांगा, मी सगळी स्पेलिंगं लावतो. पाच मिनिटांचं काम."

कृष्णातनं कळांवरचे हात मांडीवर घेतले.

"सांग की रं," भाऊसो म्हणाला.

"दादा, जरा भाईर बसता का?"

भाऊसोच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली. "का? आता भाईर कशापायी? आल्यापास्नं बगतोय, तुजं काय तरी हाय." त्याला दम लागला. "माझ्याम्होरं सांगायचं न्हाई, मंजी काय समजायचं मी?"

कृष्णातनं भावाकडे बघितलं. विहिरीपाशी होती तीच नजर. चोर म्हणायचा नाही म्हणणारी.

तो दिग्विजयकडे वळला आणि म्हणाला, "भाऊसोचा वाटा न्हाई."

"एका दमात? मध्ये जागा न सोडता?"

"व्हय."

दिग्विजय टाइप करू लागला. "वाटा व्हीनं की डब्ल्यूनं, दोन्ही घेतो. 'नाही' तुम्ही बोलता तसं लिहिलं असणार. नाहीमध्ये एच कुठे टाकला असेल..." तो स्वतःशीच बोलत होता. खोलीत यंत्राची घरघर आणि भाऊसोच्या नळीतली हवा, एवढाच आवाज होता.

चहाही आला नव्हता एवढ्यात पडद्यावर हिरवी ओळ आली.

"उघडलं!" दिग्विजय खुर्चीतून उठला. "एन-एच-ए-आय! न्हाई! काका, तुम्ही आता शुद्ध 'नाही' टाकत असणार, म्हणून उघडत नव्हतं. हे बघा, सगळं आहे. एक नाणं हललेलं नाही." तो आनंदात होता. त्या दोघांना तो काकाच म्हणत आला होता, आणि कृष्णात भावाला दादा, त्यामुळे ते नाव दिग्विजयच्या कानावर आलंच नव्हतं. त्यानं सहज विचारलं, "पण हा भाऊसो कोण, काका?"



"मी," भाऊसो म्हणाला.

परतीच्या वाटेवर भाऊसो ओमनीत डोळे मिटून बसला होता. विट्याच्या अलीकडे कृष्णातनं एकदा धीर केला. "दादा, त्या पाडव्याला तुमीच मला म्हणला हुता. घरात तुझा वाटा न्हाई म्हणून. त्या रागात..."

भाऊसोनं डोळे मिटलेलेच ठेवले. तसाच तो म्हणाला, "म्हणलो आसंन. मी बोललो, ते वाऱ्यावर गेलं. तू त्याचं कुलूप केलंस."

"त्यातलं सगळं तुमाला घ्या, दादा."

"सगळं कशाला? माझा वाटा दे."

त्याच आठवड्यात भाऊसोनं तलाठ्याला घरी बोलावलं. इतकी वर्षं ज्या दोन भावांनी हिशोब केला नव्हता, त्यांचं सगळं वाटून झालं. रान, विहिरीचं पाणी, घर. दिग्विजयनं ठरलेला हिस्सा घेऊन पैसे बँकेत आणून दिले होते, तेही वाटले. रस्त्याकडची खोली कागदावर कृष्णातच्या नावाची झाली आणि तिथून घरात उघडणारं मधलं दार लावून घेतलं गेलं. त्या खोलीत कृष्णातनं गॅस आणला. मंगलवहिनी पहिले चार दिवस ताट झाकून आणत होत्या. पाचव्या दिवशी आल्या त्या रिकाम्या हातानं आणि दाराशी उभं राहून म्हणाल्या, "नको म्हणत्यात." मग पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

गावात मात्र कृष्णातची मान उंच झाली. लालासाहेब स्वतः उठून त्याला जागा द्यायला लागला. "माणूस बावनकशी! भावाची पै न पै काढून दिली." भाऊसोही येईल त्याला हेच सांगायचा. भावानं चोख हिशोब दिला, माझी काही तक्रार नाही. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. उलट पूर्वी तो जेवढं कौतुक करायचा त्याहून नेमकं आता करायचा.

त्यानंतर भाऊसो एक हिवाळा जगला. कृष्णात रोज सकाळी अंगण ओलांडून पुढच्या दारानं त्याच्याकडे जायचा, कारण मधल्या दाराला कडी होती. पहिल्या दिवशी गेला तेव्हा भाऊसो उशाला टेकून बसला होता. कृष्णात नेहमीसारखा पलंगाच्या कडेला टेकायला गेला.

"खुर्चीवर बसा की, कृष्णातराव," भाऊसो म्हणाला.

कृष्णात अर्धवट वाकलेला तसाच थांबला. जन्मापासून या माणसानं त्याला आरं-तुरं केलं होतं. भट्टीपुढे शिव्या घातल्या होत्या, एकदा चिमट्यानं मारलंही होतं.

"दादा, आसं नका की बोलू."

"बसा, बसा. तब्येत बरी हाय न्हवं?" भाऊसोनं नळी सारखी केली आणि आत बघून हाक दिली, "मंगल, पावण्यास्नी च्या टाक."

कृष्णात खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं वहिनी चहा घेऊन आल्या. घरातल्यांचा चहा स्टीलच्या पेल्यात असायचा. त्याला त्यांनी कपबशी आणली होती.